कोरा रकाना कोणी कापला?

मंगळवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. बुलडाणा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात एमएस्सीच्या मुलांचं पोस्टर प्रदर्शन... आणि परीक्षक म्हणून मी. आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे फार सुबक पोस्टर दिसलं की मला आधी शंकाच येते.

सोनाळ्याच्या वैष्णवीचं पोस्टर तसंच होतं. पेशींच्या रसातून अँटिबॉडीने एक प्रोटीन पकडलं, आणि त्याला धरून त्याचा जोडीदारही वर आला, असा दावा. फोटोत त्या जोडीदाराचा ठसठशीत काळा पट्टा.

पण निगेटिव्ह कंट्रोल कुठे? म्हणजे तोच प्रयोग, फक्त अँटिबॉडी अशी की तिने यातलं काही पकडूच नये. त्याशिवाय जोडीदार खरंच आला की नुसता कुठेतरी चिकटला, हे कळणार कसं?

"केला होता जी, मॅडम..." ती पुटपुटली.

"मग गेला कुठे? शेगावला दर्शनाला?" सगळे हसले. मी तिच्या नावापुढे शेरा लिहिला... 'माहिती लपवली'.

जेवणाच्या सुट्टीत ती मोबाइल घेऊन आली. त्यात मूळ फोटो होता. कंट्रोलचा रकाना अगदी कोरा... जसा यायला हवा तस्साच!

"सगळे पोस्टर कॉलेजच्या समितीनं छापले, मॅडम. म्या सकाळी विचारलं, तं समितीचे सर म्हणे, रिकामी जागा काऊन छापायची? प्रयोग फसल्यासारखा दिसते. अन् पाहुण्यायसमोर निगेटिव्ह शब्द बरा नाही दिसत."

मी कपाळावर हात मारला. त्या कोरेपणातच तर तिचा सगळा पुरावा होता!

तिची तिथेच सर्वांसमोर माफी मागितली आणि शेरा खोडायला गेले. समितीचे सर म्हणतात, "निवडीची यादी शेऱ्यांसकट विद्यापीठात गेली, मॅडम. आता कशाला निगेटिव्ह बोलता?"

म्हणजे पुढच्या फेरीतून ती बाद. वर लबाड ठरली, तेही माझ्या अक्षरात... तेव्हापासून मला धड झोप नाही. शंका घेण्यात मी चुकले नाही, माणूस ओळखण्यात चुकले.

समितीने तो रकाना कोणी आणि कोणाला विचारून कापला, हे मला लेखी कळवावं. शेरा रद्द झाल्याचं पत्र वैष्णवीच्या हातात द्यावं. मुदत, येत्या सोमवारी संध्याकाळी पाच. फोन करू नये, मी उचलणार नाही.