लॅकरखालची पाच बोटं

लेकीच्या साक्षगंधात मी लोखंडाला पितळ म्हणालो. तेही व्याह्यांसमोर, मोठ्याने, आणि कोणी विचारलेलं नसताना.

स्टेजवर दोन उंच समया लावल्या होत्या. व्याही सिहोऱ्याकडचे, धानाची शेती असलेले, मोजकं बोलणारे. ते त्या समयांकडे जरा वेळ बघत उभे राहिले, तर मला राहवलं नाही. भंडाऱ्यात तीन पिढ्या पितळेवर जगलेल्या घरातला मी. म्हटलं, "हे आपल्या गावचं पितळ बरं का. आपल्याले हात लावायचं काम नाही. रंगावरून सांगतो."

मागे माझा धाकटा भाऊ उभा होता. तो हळूच म्हणाला, "दादा, लोखंड हाये ते. माह्या शेडमधलं."

पितळेला टिचकी मारली तर ते बराच वेळ गुणगुणत राहतं. लोखंड लगेच गप्प होतं. एक टिचकी मारली असती तर अब्रू वाचली असती, पण माझ्या एका हातात आलुबोंड्याची प्लेट, दुसऱ्या हातात चटणीची वाटी, आणि चष्मा खिशात. व्याही भला माणूस. "असू द्या जी, चमक त पितळेचीच हाये," म्हणाले. त्यांनी हसून घेतलं असतं तर मला कमी लागलं असतं.

आणि तेवढ्यात नवरीमुलगी, म्हणजे माझीच लेक, म्हणाली, "काका, मले आंदणात अशीच समई पायजे."

आता आमच्या घरात आंदणाच्या समईवर शेवटचा हात बाप मारतो. बाकी भांडी कुठूनही येवोत, समई बापाच्या हातून चमकून जाते. माझ्या आत्याची तशीच गेली, दोन्ही बहिणींच्या तशाच गेल्या. लेक पाचवीत असल्यापासून मी तिची समई मनात पॉलिश करत आलो होतो. ती मागितली कोणाला, तर काकाला. मी आलुबोंडा तसाच ठेवला. मी आलुबोंडा ठेवतो म्हणजे प्रकरण गंभीर आहे, हे फक्त माझ्या बायकोला कळलं.

भाऊ आणि मी आधी एकाच दुकानात होतो. मोटरवर कापडाची चकती फिरायची, तिला पॉलिशचं मेण लावायचं आणि भांडं दाबून धरायचं, एवढीच आमची विद्या. संध्याकाळी दोघांची नाकं सारखीच काळी. मग तो वेगळा झाला आणि हायवेच्या बाजूला त्याने पावडर कोटिंगची शेड टाकली. लोखंड धुवायचं, हुकाला टांगायचं, बंदुकीने त्यावर रंगाची भुकटी उडवायची आणि भट्टीत भाजायचं. गेट, ग्रिल, झोपाळे. पुढे शोभेच्या वस्तू आल्या, त्यांच्यावर सोनेरी थर आणि त्यावर काचेसारखा पारदर्शक थर. "पावडर लावून का कोणी गोरं होते," असं मी सगळ्यांना सांगत सुटलो. लोक हसायचे आणि गेट त्याच्याकडे टाकायचे.

त्याच्या केबिनमध्ये भिंतीवर रंगांच्या पट्ट्या टांगलेल्या आहेत. त्यात सोनेरी रंग चौदा. मी बसल्या बसल्या मोजले, कारण त्याचा फोन थांबतच नव्हता. जुनं सोनं, गुलाबी सोनं, मळकं सोनं. माझ्याकडे पितळेचा एकच रंग, आणि तोही आठ दिवसांत काळवंडतो. त्याला गिऱ्हाईक शेठ म्हणते. मला भाऊ म्हणते. घरी बायको "भाऊजीले विचारून पाहा ना" असं दिवसातून किती वेळा म्हणते, तेही मी मोजत होतो. त्यावरून आमच्यात एकदा बोलणंही झालं, ते इथे नको.

तर मी ठरवलं की पितळेचीच समई द्यायची, पण अशी, की कधी काळी पडणार नाही. त्याला एकच उपाय, लॅकर. पॉलिश केलेल्या पितळेवर पारदर्शक लॅकरचा हात मारला की हवा लागत नाही आणि चमक टिकते. या लॅकरला मी आयुष्यभर नाकं मुरडली होती. ज्याला भांडं घासायचा कंटाळा त्याने ते वापरावं, असं माझं मत. मत बाजूला ठेवून बाजारातून डबा आणला.

चांगली जड समई निवडली. तीन दिवस पॉलिश केली. तिच्यात माझा चेहरा इतका स्वच्छ दिसायला लागला की मला दाढी करावीशी वाटली. मग तिला उचलून खिडकीजवळ नेलं, लॅकर मारलं, वाळवलं आणि जुन्या धोतरात गुंडाळून कपाटात ठेवली. लेकीला म्हटलं, "दोन्ही मांडू. तुले जी पसंत पडन ती नेजो." ती म्हणाली, "बाबा, तू कायले टेन्शन घेतो?" मी टेन्शन घेत नाही, हे तिला बरंच समजावून सांगितलं.

हळदीच्या दिवशी सकाळी अंगणात आंदण मांडलं. पाण्याचे गुंड, कोपर-पराती, ताटं, कपाट, आणि भावाची सोनेरी समई. मी माझं धोतर सोडलं.

समईच्या मधल्या दांड्यावर पाच तपकिरी डाग होते. चार एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. कोणीतरी तिचा गळा धरल्यासारखे. कोणाचे, ते सांगायला नको. अंगठा तर इतका साफ उमटला होता की तलाठी ऑफिसात चालला असता.

उघड्या हातांनी पितळ उचललं की घाम लागतो, आणि घामाने पितळ डागाळतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण आमच्याकडे डाग पडायच्या आधीच भांडं पुन्हा घासलं जातं, म्हणून आमच्या तीन पिढ्यांत हातमोजा कोणी पाहिला नाही. इथे मी घाम लॅकरखाली बंद करून ठेवला होता. चिंच आणून चोळली. चिंच वरच्यावर घसरली. चिंचेपुढे पितळ हरलं नाही असं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

भाऊ आला, खाली वाकला. मला वाटलं, आता हसेल. माझी तयारी होती, उत्तरही तयार होतं. तो म्हणाला, "हातमोजे नाही घातले का, दादा? मी पण पहिले असेच तीस नग खराब केले होते. दे इकडे, शेडवर नेऊन काढून देतो."

देवाशप्पथ सांगतो, त्या क्षणी मला ती समई विहिरीत टाकावीशी वाटली, पण त्याच्या हातात द्यावीशी वाटली नाही. तेवढ्यात लेक आली. अंगाला हळद, केसात हळद. तिने डाग पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, मले ड्युटीसाठी सकाळी सातची बस असते. घासायले टाइम नाही भेटत, म्हणून काकाची मांगितली होती. बस. तुही काळी पडत नसन, तर मले तुहीच पायजे."

एवढंच होतं. तीन महिने मी ज्याच्यावरून जळत होतो, ते म्हणजे सातची बस.

समई भावाच्या गाडीत टाकली आणि दोघं शेडवर गेलो. त्याने तिचे चार भाग खोलले, थिनरने लॅकर उतरवलं. "पॉलिश तूच कर," म्हणाला. "मायावाला हात आता बसत नाही." हे त्याने खरं म्हटलं की मला बरं वाटावं म्हणून, ते मी आजवर विचारलेलं नाही. मी पॉलिश केलं. त्याने मला पांढरे हातमोजे घातले, अगदी लहान मुलाला घालतात तसे, एकेक बोट ओढून. मग स्पिरिटने पुसणं आणि पारदर्शक थर, हे त्याचं. थर चढवताना तो इतका सावकाश, इतका नेमका चालला की मला पुन्हा थोडं जळायला झालं.

परत आलो तर हळद उरकली होती. नवरीचा बाप आणि काका दोघंही गायब, त्यावर बायका काय बोलायचं ते बोलून मोकळ्या झाल्या होत्या. लेकीने समईला टिचकी मारली. समई गुणगुणली. ती तिने आपल्या सामानात ठेवली आणि काकाची आमच्या देवघरासाठी ठेवून दिली.

वरात गेली. दुसऱ्या दिवशी मांडववाले बांबू काढत होते आणि मी ओट्यावर बसलो होतो. मनातून एक गोष्ट जात नव्हती. पॉलिश माझं, पण वरचा थर त्याचा. उद्या सासरी कोणी विचारलं तर पोरगी कोणाचं नाव घेईल?

शेवटी बायकोलाच विचारलं, "कावं, ती समई आता कोणाची म्हणायची? माही, का त्याची?"

ती उरलेल्या बुंदीचे डबे भरत होती. मान वर न करता म्हणाली, "तिच्या सासूची. हे दोन डबे घ्या अन् भाऊजीकडे देऊन या."