शिगेचे वजन

ज्या देशाला समुद्र नाही त्या देशाला माल पाठवायचा तर किती कागद जोडावे लागतात, हे मंजुश्रीला कोणत्याही विद्यापीठाने शिकवले नव्हते. वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवी, तीही पहिल्या वर्गात, घेऊन ती बँकेत अधिकारी व्हायची होती. झाली ती खामगावच्या औद्योगिक वसाहतीत, पत्र्याच्या छताखाली, उकंडरावांच्या कारखान्यातली एकुलती एक कारकून. मुख्य रेल्वेमार्गानेही ज्या गावाला जलंबवरून एक फाटा देऊन वाटेला लावले, त्या गावात बसून जगातल्या बंदरांचे नियम पाळायचे, आणि चूक झाली की मुंबईच्या पोरांची बोलणी ऐकायची, असे तिचे आयुष्य चालले होते.

उकंडराव मूळचे जानेफळचे. भावाच्या हाती शेती सोपवून त्यांनी लेथ मशीन घेतली त्याला जमाना झाला. सरकी पिळणाऱ्या यंत्रात एक लोखंडी मळसूत्र फिरते. ते झिजले की त्याचे तुकडे बदलावे लागतात. त्यांना कारखान्यात ‘वर्म’ म्हणतात. उकंडरावांचे वर्म टिकतात, ही कीर्ती कशी कोण जाणे आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशापर्यंत पोचली. तिकडेही कापूस, तिकडेही सरकी. एका तेलगिरणीच्या मालकाने कळवले होते की जुने वर्म पार झिजले, गिरणी बंद आहे आणि हंगाम तोंडावर आला आहे.

माल जहाजावर चढला. जहाज शेजारच्या टोगो देशातल्या लोमे बंदराला लागणार आणि तिथून ट्रकने पुढे. अट एकच : जहाज लागण्यापूर्वी बुर्किना फासोकडून मालाच्या मागोव्याचा क्रमांक मंजूर झालेला हवा, नाहीतर माल बंदरात अडकून पडणार. मंजुश्रीने अर्ज वेळेत भरला, खाली स्वतःच्या नावाने सही केली. अर्ज परत आला.

“मॅडम, तुमच्या यादीतलं वजन आणि बंदरावरचं वजन जुळत नाही,” मुंबईच्या एजंटकडचा हर्षल फोनवर म्हणाला. “बंदरावर जास्त भरलंय. तुमच्याकडे काटा आहे ना? की अंदाजानेच?”

“काटा आहे. आणि मला बेरीजही येते,” मंजुश्री म्हणाली.

“रागावू नका हो. ‘खोक्याचं लाकूड जड निघालं’ असं लिहून द्या, चालून जातं.”

“आणि लोमेला खोकं उघडलं तर? सही माझी आहे, तुमची नाही.”

फोन ठेवून तिने पुन्हा बेरीज केली. मग शेडमध्ये जाऊन एक वर्म स्वतः काट्यावर ठेवला, वजन चोख. काट्यावर प्रमाणित वजनमाप ठेवून पाहिले, काटाही चोख. मोबाइलवरच्या नकाशात जहाजाचा बाण आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून वर सरकत होता. तिने डबा उघडला आणि तसाच बंद केला. खुर्चीवरून उठली, बसली, पुन्हा उठली. ज्याचा दोष नाही त्याच्याच गळ्यात दोष अडकवण्याची या देशाची जुनी रीत तिला ठाऊक होती, आणि या खेपेला तो गळा कोणाचा, हेही.

उकंडराव चहाचा कप घेऊन आत आले.

“काऊन मॅडम, चक्कीतल्या खुंट्यावानी फिरून राह्यल्या?”

“भाऊ, खोकी माझ्यासमोर मोजली, तोलली. नंतर त्यांना कोणी हात लावला?”

“हात कोन लावते? हळद-कुकू मी लावलं, नारळ मी फोडला, झाकन मी ठोकलं.”

“झाकण ठोकण्याआधी?”

उकंडरावांनी चहाचा एक घोट उगाच लांबवला. “आता शीग त लावाच लागते न. टाकले एका-एका खोक्यात दोन-दोन वर्म.”

मंजुश्रीची जपून ठेवलेली पुस्तकी भाषा तिथेच गळून पडली. “काऊन टाकले, भाऊ? कोनाले विचारून टाकले?”

“विचाराचं काय त्याच्यात? माह्या मायनं कधी पायली सपाट भरून देली नाही कोनाले. काठावर दानं उभं राह्यलं पाह्यजे, तवा ते देनं. नागपूरले पाठवतो, हैदराबादले पाठवतो, दोन जास्तीचे जातेच. कोनी बोंबललं नाही अजून.”

“नागपुरात खोकं कोनी तोलत नाही! बंदरावर त्याले चोरून नेलेला माल म्हनतात.”

“चोरून?” उकंडराव कप ठेवून उभेच राहिले. “देल्याले चोरी म्हनते?”

उपाय एकच होता, आणि तो हर्षलने कुरकुरत का होईना मान्य केला : जास्तीचे वर्म बिलात ‘विनामूल्य’ म्हणून दाखवायचे, कस्टमकडून दुरुस्ती करून घ्यायची आणि अर्ज नव्याने भरायचा. पण विनामूल्य मालाचीही किंमत लिहावी लागते; शून्य लिहिलेले ते घेत नाहीत. इथे उकंडराव अडले.

“नाही लिहाची. उद्या तो मानूस कागद पाहीन. म्हनीन, उकंडरावनं देलं आन् वरतून भाव सांगतला.”

“भाऊ, जहाज चाललंय.”

“जाऊ द्या. शिगेले भाव लावला त मंग ते इकनं झालं.”

“आणि त्याची गिरणी बंद राहिली तर? सरकी तशीच पडून राहील. तुमची शीग पोचेल, पण बंदराच्या गोदामात.”

उकंडराव दाराकडे गेले. बाहेर एका ट्रॅक्टरचे इंजिन उगाच फुरफुरत होते. मागे न वळता त्यांनी एक आकडा सांगितला, तोही पोराबाळांपासून लपवून सांगावा तसा. मंजुश्रीने तो भरला. त्यांनी सही केली आणि पेन टेबलावर न ठेवता टाकला.

त्यानंतर तिला कशातच स्वस्थता नव्हती. कस्टमची दुरुस्ती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकत होती, समुद्रावरचा बाण तिच्याहून वेगाने. हर्षलला तिने इतके फोन केले की तो नुसता “नाही आलं, मॅडम” म्हणूनच फोन उचलू लागला. शेवटी क्रमांक आला. जहाज तेव्हा लोमेबाहेर नांगर टाकून धक्का मोकळा होण्याची वाट पाहत होते.

पुढे गिरणीमालकाचा संदेश आला. उकंडराव समोरच्या बाकावर बसले. “काय लिवलं त्यानं? जसंच्या तसं वाचा.”

मऊ करून सांगता आले असते. मंजुश्रीने तसे केले नाही. “माल मिळाला. गिरणी सुरू झाली. जास्तीच्या वर्मबद्दल आभारी आहे. पण त्यांच्यावरही जकात भरावी लागली. यापुढे मागणीइतकाच माल पाठवावा.”

“गिरनी चालू झाली न?”

“झाली.”

“मंग झालं,” म्हणून ते उठले. पण बराच वेळ बंद लेथपाशी नुसतेच उभे राहिले.

नंतर बऱ्हाणपूरला पाठवायचे खोके भरले जात असताना उकंडराव दोन वर्म हातात घेऊन कार्यालयाच्या दारात आले. उभ्या जन्मात त्यांनी ही गोष्ट कोणाला विचारली नव्हती. “मॅडम, टाकू का?”

“टाका की, भाऊ. बऱ्हाणपूरले कोन तोलते!” ती म्हणाली, आणि आपला आवाज इतका आर्जवी का झाला, हे तिचे तिलाच कळले नाही.

उकंडराव हलले नाहीत. ती आधी कागदावर लिहिते की काय, ते पाहत दारातच उभे राहिले.