बुजवलेल्या नाकपुड्या

१२ फेब्रुवारी. काम : कवटीतलं प्लास्टर काढणं. ओली फडकी, दाभण, जुना टूथब्रश.

मी कॉलेजात भूशास्त्र शिकवते. विभागाच्या कपाटातली ही कवटी माझ्या नवऱ्यानं गडचिरोलीकडच्या लाल मातीतून आणली. तेव्हा तेही इथंच शिकवत. लांब जबडा, टोक तुटलेलं. देशातली सर्वांत जुनी मगर, असं त्यांनी लिहिलं. डोळ्यांपुढची दोन भोकं मोडतोड समजून प्लास्टरनं बुजवली, इतक्या सफाईनं की वरून जोड दिसत नसे.

पक्षाघातानंतर त्यांची बोली पुन्हा गावाकडची, सिल्लोडची झाली. शेजाऱ्यांची नावं गेली, कधी कधी माझंही जातं. मगर तेवढी राहिली. घरी गॅसवाला आला तरी सांगतात, "सगळ्यात जुनी मगर माझी."

परवा बाहेरगावच्या एक संशोधक बाई आल्या होत्या. ही मगर नसावी, असं त्यांचं म्हणणं. क्रांती चौकाजवळच्या स्कॅन केंद्रात, माणसांच्याच रांगेत थांबून, आम्ही कवटीचा स्कॅन केला. भोकांच्या कडा गुळगुळीत निघाल्या. मोडतोड नव्हे, नाकपुड्या. मगरीच्या नाकपुड्या जबड्याच्या टोकाला असतात, फायटोसॉर या प्राचीन सरपटणाऱ्या प्राण्याच्या डोळ्यांजवळ. म्हणजे ही कवटी फायटोसॉरची. दिसायला मगरच, पण नात्यानं दूरचा प्राणी, आणि आधीच ठाऊक असलेला. मी स्कॅन दोनदा तपासला. बाईंचं बरोबर होतं.

आज एक नाकपुडी मोकळी केली. त्या भोकातून आत पाहिलं तर दुसरीच्या प्लास्टरवर, आतल्या बाजूला, यांच्या अंगठ्याचा ठसा दिसला. तिथं थांबले.

न सांगता खपलं असतं. पण दगडांबद्दल खोटं बोलायची आमच्या घरात पद्धत नाही. वरणभात भरवताना सांगून टाकलं.

"अहो, ती मगर नाही. तुम्ही बुजवलेली भोकं नाकपुड्या होत्या."

त्यांनी घास गिळला.

"म्हंजे मी त्याचं नाक बुजवलं?"

"हो."

"लई वर्षं कोंडलं की गं बिचारं."

दोघंही हसलो. मग म्हणाले, "मगर नाय, तर माझं काय ऱ्हायलं?"

"भात गार होतोय," म्हटलं. त्यांनी तोंड मिटून घेतलं.

संध्याकाळी गॅसवाला आला. "सर, मगर काय म्हणते?" त्यानं नेहमीसारखं विचारलं. हे भिंतीकडे बघत राहिले.

१३ फेब्रुवारी. सकाळी त्यांची दाढी केली, चहा पाजला. कॉलेजात जाऊन फडकं ओलं केलं, दाभण घेतलं आणि ठशापासूनच सुरुवात केली.