टॉवेलाखालची बरणी

बरणीबाई, स्पष्टच सांगते, तुमच्यावर माझा पहिल्यापासून संशय होता. गल्लीतली पोरं शाळेतून थेट तुमच्या स्वयंपाकघरात शिरायची, तुम्ही चिरलेली लिंबं मिठात घोळून बरण्यांत भरायची, आणि तुम्ही म्हणणार, हे गणित. फुकटात काम उरकायची बरी युक्ती, असं मी सुनेला म्हटलंही.

पण नातीचं गणित इतकं कच्चं होतं की शाळेने तिला त्याच वर्गात ठेवायची भाषा चालवली होती. बोटांवर मोजते म्हणून तिथे ओरडा खायची. सुनेने तिला परीक्षेपर्यंत तुमच्याकडे धाडायचं ठरवलं, पहाऱ्याला मी. काही वावगं दिसलं तर त्याच दिवशी बंद.

दिसलंच. पोरं हात धुवायला वळली की तुम्ही ओट्यावरची एक भरलेली बरणी टॉवेलाखाली सरकवायचात. कोपऱ्यातल्या स्टुलावरून मी दोनदा पाहिलं. तेवढ्यात माझी चहाची वेळ व्हायची, म्हणून मोजणीआधीच नातीला घेऊन निघायची. भरणार पोरं, डल्ला मारणार बाई! तिसऱ्या खेपेला सुनेलाच घेऊन आले.

त्या दिवशी लिंबं तीस होती, बरणीत पाच-पाच. बरणी टॉवेलाखाली सरकताना सुनेनेही पाहिली आणि नातीचं दप्तर उचललं, पण नात ओट्यापासून हलेना. पंजे पसरून पुटपुटत होती, एक हात, एक बरणी. स्वतःचे दोन्ही हात संपल्यावर शेजारच्या दोघांचे ओढले. मग ओट्याकडे पाहिलं.

"सहा हव्यात. पाचच आहेत," ती म्हणाली. "बाई, तो टॉवेल फुगलाय."

बाकीची पोरं खिदळली. त्यांचा हा रोजचा खेळ. ठाऊक नव्हता तो आम्हालाच. तुम्ही टॉवेल उचललात आणि बरणी तिच्या हातात दिलीत. पकडेल त्याची बरणी, हा तुमच्या ओट्यावरचा कायदा. वर मला म्हणालात, "आजी नुसत्या बघतात. मोजत नाहीत."

सुनेने दप्तर खाली ठेवलं.

निघताना मात्र बजावलंत, लिंबं संपली की बरणी झाकणासकट परत हवी, आणि ती आजींनीच आणायची. म्हणजे तुमचाही माझ्यावर विश्वास नव्हताच.

परीक्षा होईपर्यंत नातीने ती कुणाला उघडू दिली नाही. पास झाली, काठावर का होईना. लिंबं संपली तोवर तुमच्या दाराला कुलूप. मुलगा घेऊन गेला म्हणे. कुठे, ते कुणी धड सांगत नाही. बरणी घासून, झाकण लावून माझ्या फळीवर आहे. तुमच्या मोजणीत अजून एक कमीच भरत असणार.