टँकरमधून मोजलेली हरणं

खाणीत सगळे तिला मावशी म्हणत, तिच्याहून चार वर्षांनी मोठे असलेले फोरमनसुद्धा. काम रस्त्यांवर पाणी मारण्याचं. डंपरनी उडवलेली धूळ बसवायची, दिवसाला नऊ फेऱ्या. पण मंडळी, ती टँकरच्या केबिनमध्ये चढायची ना, तेव्हा वाटायचं नायिकेचा प्रवेशच झाला! आवाज असा की शेवटच्या रांगेतला झोपलेला माणूसही उठून बसावा.

खोदलेली माती रचून खाणवाल्यांनी एक मोठा उतार केला होता आणि त्यावर गवत पेरलं होतं. हरणांना ती जागा बाळंतपणासाठी भारी आवडली. मग उताराच्या रस्त्याला दोन नियम लागले: हॉर्न वाजवायचा नाही आणि गाडीतून उतरायचं नाही. वर्षातून एकदा वन्यजीव खात्याचे साहेब मोजणीला येत. गेल्या वर्षी बावीस हरणं होती. यंदा त्याहून कमी भरली, तर रस्ता बंद. रस्ता बंद म्हणजे टँकर बंद, आणि टँकर बंद म्हणजे मावशी घरी, निवृत्त नवऱ्यासमोर. तो माणूस ती चहा गाळतानाही सूचना द्यायचा.

"त्यापेक्षा मला इथेच पुरा आणि वर गवत पेरा," ती म्हणायची.

मोजणीला यंदा नवे साहेब आले. पोरसवदा, मऊ बुटांचे, मऊ बोलण्याचे. जनावरांना त्रास नको म्हणून त्यांनी जीप फाटकाशीच ठेवली आणि चवड्यांवर चालत उतार गाठला. हेतू सोन्यासारखा, पण अक्कल गहाण!

चौथ्या फेरीला मावशी वळणावर आली. उतारावरच्या सगळ्या माना वर. एका हरणीने पुढचा पाय आपटला. बाकीच्या झुडपांकडे सरकू लागल्या.

"अगं बाई, हा बाबा चालत आलाय!"

हरणांच्या लेखी डंपर म्हणजे फिरती टेकडी. रोज येते, रोज जाते. दोन पायांवर दबकत येणारा मात्र शिकारी. आता टँकर दामटावा, तर उरलीसुरली बिथरणार. पाणी बंद करावं, तर रोजचा आवाज तुटणार. म्हणून मावशीने ओठ आवळले आणि नेहमीच्याच गोगलगायीच्या चालीने, नेहमीसारखंच पाणी उडवत टँकर नेला. साहेब आणि हरणं यांच्यामध्ये तो पडद्यासारखा आडवा आला. साहेब कमरेपर्यंत चिंब झाले.

"चढा वर."

"हळू बोला हो, पळतील ती!" साहेब कुजबुजले.

"माझ्या आवाजाला नाही पळत. नऊ वर्षं ऐकतायत. तुमच्या कुजबुजीला पळतील. दबकत कोण येतं, सांगा बघू? वाघ! चढा म्हणते ना!"

साहेब चढले. दुर्बीण डोळ्यांना लावली, खाली घेतली.

"अकराच आहेत."

"थांबा की जरा. घाबरून आत गेलीत. तुम्हीच घालवलीत, आता तुम्हीच वाट बघा."

मावशीने उताराखालून टँकर पुन्हा एकदा नेऊन आणला. सतरा. साहेबांनी पेन काढलं. मावशीने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते परत खिशात गेलं.

पुढच्या खेपेला झुडूप हललं. आधी नुसते कान, मग ती पाय आपटणारी हरणी, मग बाकीची एकेक करून. सगळ्यांत शेवटी, लटपटत्या पायांची दोन पाडसं.

"बावीस... तेवीस... चोवीस!" साहेब ओरडलेच.

एकाही हरणाने मान वर केली नाही.

"बघा," मावशी म्हणाली, "केबिनमधून कितीही ओरडा."

साहेबांनी ओल्या मांडीवर वही टेकवून लिहिलं: संख्या चोवीस, रस्ता चालू ठेवावा. मग क्षणभर थांबून खाली एक ओळ घातली: मोजणी करणाऱ्यानेही गाडीतून उतरू नये.

"मोठ्याने वाचा," मावशी म्हणाली, आणि पाचव्या फेरीसाठी पाणी भरायला टँकर वळवला.