साक्षीला देव नको

शिरस्तेदारकाकांसमोर ‘देवाशपथ’ म्हणायची सोय नव्हती. जपानात, हिगाशी-कसाईत, आमच्या इमारतीखाली कचरा ठेवायची जागा आहे. एका सकाळी माझी पिशवी कचरावाल्यांनी ‘चुकीची वर्गवारी’ असा स्टिकर लावून तिथेच सोडून दिलेली होती आणि काका शेजारी उभे होते. मी ओशाळून म्हणालो, “देवाशपथ काका, मी बाटल्या वेगळ्या काढल्या होत्या.”

“देवाला कशाला मध्ये आणता? पिशवी उघडा.”

उघडली. आत दोन बाटल्या निघाल्या.

काका म्हणजे माझ्या शेजारच्या निखिलचे वडील. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. पिंजऱ्यात उभ्या राहणाऱ्या साक्षीदाराला शपथ द्यायचं काम कित्येक वर्षं त्यांच्याकडे होतं. “देवाची शपथ घेऊन खोटं बोलणारी माणसं मी रोज अकरा वाजल्यापासून बघत आलोय,” ते म्हणायचे. “खरं बोलणाऱ्याला शपथ लागत नाही. आणि खोटं बोलणारा देवालाच खोटा साक्षीदार करून ठेवतो.”

एवढ्यावरून त्यांना कुणी नास्तिक समजला असता तर फसला असता. सुनेच्या मायक्रोवेव्हवरच्या फळीवर त्यांनी देव मांडले होते. रोज तासभर पूजा चाले. उदबत्तीने घरातला अलार्म वाजतो म्हणून कडाक्याच्या थंडीत बाल्कनीत उभं राहून ते देवाला ओवाळत. पण ती पूजा त्यांची होती. ती दुसऱ्याच्या तोंडी घालायला त्यांचा सक्त विरोध होता.

दर हिवाळ्यात ते तीन महिन्यांच्या व्हिसावर यायचे आणि आमच्या मंडळाचा रविवारचा मराठी वर्ग घ्यायचे. मुलं जपानीत कुजबुजायची, हे मराठीत दटावायचे, आणि दोघांचं छान जमायचं. प्रजासत्ताक दिनाला मुलांकडून प्रतिज्ञा म्हणवून घेण्याचं कामही त्यांचंच होतं.

त्या वर्षी मंडळाचे अध्यक्ष सबनीस होते. अमेरिकेतून बदली होऊन आलेले, ऑफिसात माझे वरिष्ठ. बैठकीत त्यांनी ठराव मांडला की प्रतिज्ञेच्या सुरुवातीला ‘ईश्वराला साक्षी ठेवून’ असे शब्द घालावेत. पाकिटातून एक डॉलर काढून त्यांनी टेबलावर ठेवला. “बघा. यांच्या नोटेवर देव आहे, शाळेतल्या मुलांच्या प्रतिज्ञेत देव आहे. आपल्यालाच कसली लाज?”

काकांनी चष्मा लावून नोट नीट पाहिली. “मग तिथे खोट्या नोटा छापायचं थांबलं का?”

कुणीतरी हसलं. काकांनी मात्र आपल्या पाकिटातली दहाची नोट काढून त्या डॉलरशेजारी ठेवली. “आपल्याही नोटेवर वचन आहे. खाली सही आहे. ज्यानं सही केली त्यानं ते पाळायचं, देवानं नव्हे. अहो, घटनेत मंत्र्यालासुद्धा दोन वाटा ठेवल्यात. ईश्वरसाक्ष शपथ घ्या, नाहीतर गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करा. आणि तुम्ही नऊ वर्षांच्या पोरांना एकच वाट ठेवणार?”

मतदान झालं. काकांच्या बाजूने फक्त काकांचा हात वर होता. सबनीसांच्या बाजूने जे सात हात होते त्यातला एक माझा होता. बढतीचा कागद त्यांच्याच टेबलावर पडला होता, हे कारण मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी तालीम होती. शेजारच्या इचिकावा शहरातून येणारी अनया त्या नव्या शब्दांना तोंड मिटून उभी राहिली. तिचे वडील विद्यापीठात संशोधक, देव न मानणारे. मनात नसेल ते म्हणू नकोस, एवढंच त्यांनी तिला सांगितलं होतं. सबनीस म्हणाले, “ज्यांना म्हणायचं नाही त्यांनी त्या दिवशी खाली बसावं.” अनया माझ्याकडे वळली आणि हळूच जपानीत काहीतरी विचारलं.

“काय म्हणते पोर?” काकांनी मला विचारलं.

मला भाषांतर करावं लागलं. “ती विचारतेय, खाली बसले तर मी भारतीय नाही का?”

काकांनी मुलांच्या रांगा नजरेखालून घातल्या. मग म्हणाले, “तिला सांगा, पहिल्या रांगेत उभी राहा म्हणावं. मधोमध.”

सव्वीस जानेवारीला वॉर्डाच्या सभागृहात खुर्च्या भरलेल्या होत्या. अनया पहिल्या रांगेत, मधोमध. काका माइकसमोर आले, हात पुढे केला आणि थेट सुरू केलं, “भारत माझा देश आहे!” मुलं क्षणभर गोंधळली आणि मग त्यांच्यामागून जोरात म्हणू लागली. सबनीसांनी खूण करून माइक बंद करवला. काकांचा आवाज मात्र भरल्या कोर्टात शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. तसूभरही फरक पडला नाही. अनयाने पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत प्रतिज्ञा म्हटली.

पडद्यामागे सबनीस लालबुंद होऊन आले. “तुम्ही ठराव मोडलात. माफी मागा.”

“चूक केली असती तर मागितली असती,” काका म्हणाले आणि टोपी घालून निघाले.

चार दिवसांत मंडळाने त्यांच्याकडून वर्ग काढून घेतला आणि लेखी माफी मागा असं पत्र धाडलं. निखिल हवालदिल झाला. “बाबा, आम्हाला इथे राहायचंय हो.” काकांनी त्याला जवळ बसवून घेतलं, पण पत्राला एका ओळीचं उत्तर पाठवलंच: ‘दिलगिरी व्यक्त करण्यास मी नकार देत आहे.’ उरलेले रविवार ते पार्कातल्या बाकावर वर्ग घेत बसले. चार मुलं यायची. अनया त्यातली एक. माझ्या मुलाला मी पाठवलं नाही. माझ्या बायकोने पाठवलं.

मार्चमध्ये त्यांना निरोप द्यायला मी नारिता विमानतळापर्यंत गेलो. माझा हात कुणाच्या बाजूने वर होता, याची मी माफी मागितली. ते म्हणाले, “उलटतपासणी घ्यायला मी काही वकील नाही. पुढच्या तारखेला हजर राहा.”

पुढच्या हिवाळ्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते आलेच नाहीत. सबनीसांनी तोच ठराव पुन्हा आणला, या वेळी कायमचा. विरोधात कोण, असं विचारल्यावर मी हात वर केला. सबनीस माझ्याकडे बघत राहिले. मी हात खाली घेतला नाही.

घरी येऊन मी काकांना फोन लावला.

“विरोधात किती?” त्यांनी विचारलं.

“दोन. मी आणि अनयाचे बाबा. यंदा तेही बैठकीला आले होते.”

“म्हणजे हरलात.”

“हरलो, काका.”

“मग रडताय काय? अपील करा.”