हर्सूलच्या मिस्त्रीला चुकवून

आठवड्यातून दोनदा आईचं डायलिसिस असायचं. आई फुलंब्रीजवळच्या आमच्या गावी, दवाखाना शहरात आणि ने-आण माझ्याकडं. आईला मधेच ताटकळावं लागू नये, म्हणून तर जुनी गाडी विकून नवी घेतली. झालं उलटंच. नवी गाडी तापली, की चालता चालता गप्पकन बंद पडायची.

जुनी गाडी चौदा वर्षं हर्सूलच्या एका मिस्त्रीनं सांभाळली होती. त्याची रीतच निराळी. आधी बॉनेट उघडायचाच नाही. शेजारी बसायचा, काचा वर, एसी बंद, "बोलायचं नाय" म्हणायचा आणि हर्सूलच्या तळ्यापर्यंत गाडी चालवायला लावून तिचा आवाज ऐकायचा. पण नव्या गाडीच्या वेळी शोरूमवाल्यानं दम भरला होता, बाहेरचा हात लागला की वॉरंटी गेलीच म्हणून समजा. मी पडलो घाबरट! मुकाट कंपनीच्या वर्कशॉपचा झालो. वर लाज अशी, की मिस्त्रीचं दुकान वाटेत लागू नये म्हणून सावंगीच्या बायपासनं वळसा घालायला लागलो.

वर्कशॉपात काचेमागं गारेगार बसवायचे, गाडीला कॉम्प्युटर लावायचे आणि "फॉल्ट दिसत नाही सर" म्हणून हसत चावी हातात द्यायचे. डोंबल दिसणार! गाडी तिथं उभी, थंडगार; त्यात काय सापडणार, हे माझ्याही टाळक्यात आलं नाही. जीव नुसता टांगणीला. जेवताना बायको म्हणायची, "अहो, पाय हलवू नका, ताट हलतंय."

तिसऱ्यांदा गाडी चौक्याच्या घाटात बंद पडली. ऊन मी म्हणत होतं. आईचे पाय सुजलेले, धाप लागलेली. तरी "तू नको रे तळमळू" म्हणत दगडावर बसून राहिली. दीड तास. दवाखान्यातल्या मशीनची तिची वेळ निघून गेली. डॉक्टर माझ्यावर लई चिडले. संध्याकाळच्या पाळीत कसंबसं घेतलं.

दुसऱ्या दिवशी हर्सूलला गेलो आणि मिस्त्रीला सगळं सांगून टाकलं. तो नेहमीसारखा शेजारी बसला, काचा वर केल्या. तासभर फिरवल्यावर गाडी बंद पडली, तसा म्हणाला, "गरम झाली की सेन्सर दगा देतोय. पर हे काम माझं नाय. मशीन त्यांच्याकडंच हाय. त्यांचा माणूस असाच तासभर शेजारी बसवा, मग कळंल त्यांना."

मी भडकलोच. "म्हणजे शेवटी तिकडंच जायचं व्हय? मग माझं काय चुकलं?"

"तिकडं गेलात त्याचा राग नाय, भाऊ," तो हात पुसत म्हणाला. "पर अम्मांना असं उन्हात बसवलं, अन् मला एक फोन नाय? वीस मिनिटांत येऊन दवाखान्यात नेलं असतं."

त्याचा नंबर तेव्हा माझ्या फोनात होता. त्या दीड तासात मी वर्कशॉपलाच सारखा फोन लावत होतो.